वेठबिगारीविरुद्ध बाबासाहेब : कलम २३ आपल्याही दारात येतं

दरवर्षी २६ नोव्हेंबरला शाळेत संविधान दिन असतो. परिपाठात उद्देशिका वाचली जाते, मग वर्गावर्गात मूलभूत हक्कांची उजळणी होते. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो, त्यामुळे हक्कांची यादी फळ्यावर दोन्ही भाषांत लिहायचं काम आमच्याच वाट्याला येतं. मागे एका वर्षी कलम २३ लिहिताना आम्ही मराठीत वेठबिगार लिहिलं आणि उर्दूत बेगार. नववीतल्या एका मुलीने विचारलं, की सर, दोन्हीकडे शब्द एकच कसा आणि याचा नेमका अर्थ काय. अर्थ आम्ही सांगितला. दाम न देता, माणसाच्या मर्जीविरुद्ध करून घेतलेलं काम. पण तो शब्द डोक्यात राहिला.

घरी येऊन संविधानाचा इंग्रजी पाठ काढून बघितला. तिथेही हाच शब्द! सक्तीच्या श्रमासाठी इंग्रजी शब्द आहेतच, पण त्यांच्या आधी आपला बेगार तसाच्या तसा लिहिलेला आहे. फारसीतून उर्दूत आणि मराठीत आलेला हा शब्द. मराठीने त्याच्या आधी आपली जुनी वेठ जोडली आणि वेठबिगार झालं. खेड्यापाड्यातल्या माणसाच्या तोंडचा शब्द देशाच्या सर्वोच्च कायद्यात जाऊन बसला, कारण ज्याने ती भोगली त्यालाही तो कळला पाहिजे आणि ज्याने करून घेतली त्यालाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं चरित्र आपल्याकडे दोनतीन प्रसंगांत सांगून संपवतात. चवदार तळं, पुणे करार, संविधान, धर्मांतर. त्यांचं आयुष्य मजुराच्या बाजूने वाचलं तर मात्र वेगळीच साखळी दिसते. बिनपैशाचं, बिनमर्जीचं काम बंद करण्यासाठी हा माणूस वीस वर्षं कायद्याशी झुंजत होता. ती गोष्ट आपल्या मुलांना माहीत असावी म्हणून हा लेख.

गावकामाच्या वतनातून आलेला मुलगा

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ ला महू छावणीत झाला. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. म्हणजे आपल्या कोकणातलंच. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार, छावणीच्या शाळेत शिक्षक. फौजेची नोकरी महार समाजासाठी फार मोठी गोष्ट होती, कारण तिथे कामाला ठरलेला पगार होता. गावात राहिलेल्या भाऊबंदांचं तसं नव्हतं. त्यांच्याकडे वतन होतं.

वतन शब्द कानाला भारदस्त लागतो. पाटलाचं वतन, कुलकर्ण्याचं वतन, देशमुखाचं वतन. महाराचं वतन मात्र वेगळं. थोडीशी इनाम जमीन, बलुत्याचं धान्य, आणि त्याच्या बदल्यात रात्रंदिवस सरकारचं आणि गावाचं काम. टपाल पोचवायचं, साहेबाचं सामान वाहायचं, लोकांना चावडीवर बोलवून आणायचं, पहारा द्यायचा. कामाला वेळ नाही, सुटी नाही. घरचा कर्ता नसेल तर त्याच्या जागी भावाने, मुलाने जायचं. हे नुसतं रीतीने चाललेलं नव्हतं. १८७४ च्या वतन कायद्याने त्यावर सरकारी शिक्का बसलेला होता.

वडील निवृत्त झाल्यावर कुटुंब दापोलीला आणि पुढे साताऱ्याला आलं. साताऱ्यातच आई भीमाबाई गेल्या. पुढे वडील कोरेगावकडे दुष्काळी कामावर खजिनदार होते. उपाशी लोकांना रोजगार मिळावा म्हणून सरकारने तलाव खोदायला काढला होता. १९०१ च्या सुटीत मुलं वडिलांना भेटायला निघाली. मसूर स्टेशनवर उतरली, पण जात कळल्यावर बैलगाडीवाला त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं घेऊन राजी झाला, तेही गाडी मुलांनी हाकायची आणि तो बाजूने चालणार या अटीवर. दहा वर्षांच्या पोराने त्या रात्री पाण्यावाचून प्रवास केला. पैसा दिला तरी जातीचा माणूस बाजारात बरोबरीचा ठरत नाही, हे त्याला त्या वयात कळलं.

पुढचा शिक्षणाचा प्रवास सगळ्यांना ठाऊक आहे. मुंबईत परळच्या चाळीतली एक खोली, एल्फिन्स्टन हायस्कूल, १९०७ ला मॅट्रिक, १९१२ ला बीए. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ ला न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ, मग लंडन. करारानुसार नोकरीसाठी १९१७ ला बडोद्याला आले, तर कचेरीतला शिपाई फाईल हातात न देता टेबलावर फेकायचा. पारशी सराईत नाव लपवून राहावं लागलं आणि तिथूनही हाकलून दिलं. पुन्हा लंडन गाठून १९२३ ला ते अर्थशास्त्रातले डॉक्टर आणि बॅरिस्टर होऊन परतले.

एक गोष्ट ध्यानात ठेवू या. बाबासाहेब आधी अर्थशास्त्रज्ञ होते. रुपयावर, सरकारी वित्तावर, शेतीच्या तुकड्यांवर त्यांनी लिहिलं होतं. म्हणून जुलूम कुठे आहे हे शोधताना ते मनाच्या वाईटपणापाशी थांबत नसत. जमीन कोणाची, कर्ज कोणाचं, काम कोण करतं आणि मोबदला कोण ठरवतं, असा त्यांचा तपास असे.

पहिलं विधेयक आणि पहिली हार

१९२७ ला ते मुंबई विधिमंडळात सरकारनियुक्त सभासद म्हणून बसले. त्याच वर्षी मार्चमध्ये महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. डिसेंबरमध्ये महाडला पुन्हा परिषद भरवायची ठरली तेव्हा मंडपासाठी कोणी जागा देईना. जागा दिली ती फत्तेखान नावाच्या एका मुस्लिम गृहस्थाने. हे नाव आपल्या घरांतून फारसं घेतलं जात नाही, घ्यायला हवं.

तळ्याच्या पाण्याचा गाजावाजा झाला. त्यानंतर, मार्च १९२८ ला, बाबासाहेबांनी विधिमंडळात जे मांडलं त्याचा मात्र फारसा झाला नाही. त्यांनी वतन कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं. मागणी साधी होती. वतनदार महाराला हवं तर या सेवेतून सुटता यावं, त्याने जमिनीचा पूर्ण सारा भरावा आणि मोकळं व्हावं. जो सेवा करेल त्याची कामं ठरवून द्यावीत, त्याला ठरलेला मोबदला मिळावा.

सरकारला ही माणसं फुकटात मिळत होती. त्यांच्या जागी पगारी नोकर ठेवायचे तर तिजोरीवर भार पडणार. निवड समितीत जाऊन विधेयकाचा जीव गेला आणि १९२९ ला बाबासाहेबांना ते मागे घ्यावं लागलं. ही कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा मुंबई राज्यात व्हायला १९५८ साल उजाडलं. तेव्हा बाबासाहेबांना जाऊन दोन वर्षं झाली होती.

याच काळात मुंबईच्या गिरणीत काय चाललं होतं तेही बघा. विणाई खात्यात पगार जास्त. पण तिथे दलित कामगाराला घेत नसत. कारण काय, तर धोट्यातला दोरा तोंडाने ओढावा लागतो आणि इतर कामगारांना ते बाट वाटे. १९२८ च्या मोठ्या गिरणी संपात बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांना हेच विचारलं. मालकाविरुद्ध एकजूट करायची आणि आपल्याच भावाला चांगल्या खात्याचं दार बंद ठेवायचं, हे कसं चालेल? मजुराला लुबाडणारा दर वेळी गोरा साहेब किंवा मिलमालक नसतो, शेजारी उभा असलेला मजूरही असतो, हे त्यांनी त्या काळात स्पष्ट सांगितलं.

खोती : कोकणची न बोललेली गोष्ट

ऑगस्ट १९३६ ला बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. नावात जात नव्हती, मजूर होता. १९३७ च्या निवडणुकीत पक्षाचे डझनाहून जास्त उमेदवार मुंबई विधानसभेत गेले. आणि १७ सप्टेंबर १९३७ ला त्यांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं.

कोकणातल्या वाचकांना खोती सांगायला नको, पण नव्या पिढीसाठी सांगतो. खोत म्हणजे सरकार आणि कूळ यांच्या मधला माणूस. सरकारचा सारा तो भरायचा आणि कुळाकडून वसुली करायचा. किती करायची हे बऱ्याच ठिकाणी त्याच्याच मर्जीवर. वसुलीशिवाय कुळाने खोताच्या शेतावर फुकट राबायचं, त्याच्या घरची कामं करायची, बोलावणं आलं की आपली लावणी टाकून जायचं. कूळ बहुधा कुणबी, आगरी, महार. खोत ब्राह्मण होते, मराठा होते आणि मुसलमानही होते. आजही आपल्यात खोत आडनावाची घरं आहेत आणि आजोबांच्या थाटाच्या गोष्टी मोठ्या अभिमानाने सांगितल्या जातात. त्या थाटाचा खर्च कोण उचलत होतं, हे त्या गोष्टींत येत नाही.

तेव्हा अलिबागजवळ चरी गावात नारायण नागू पाटील यांच्या पुढारपणाखाली कुळांचा संप चालू होता. १९३३ पासून पुढे जवळजवळ सहा वर्षं लोकांनी खोतांची जमीन कसायला नकार दिला. जानेवारी १९३८ ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी कोकणातून आणि आसपासच्या जिल्ह्यांतून मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून आले. डोक्यावर घोंगडी, पायात चप्पल असेल नसेल अशी माणसं होती ती.

विधेयक सूडाचं नव्हतं. खोताला भरपाई द्यावी, कुळाला जमिनीवर हक्क द्यावा, त्याने सारा थेट सरकारला भरावा, इतकंच. पण त्या वेळच्या मंत्रिमंडळाने ते पुढे सरकू दिलं नाही. खोती कायद्याने गेली ती १९४९ ला, स्वातंत्र्यानंतर.

काम नाकारण्याचा हक्क

१९३८ ला मुंबई सरकारने औद्योगिक कलह विधेयक आणलं. त्यात संपाआधी समेटाची लांबलचक प्रक्रिया सक्तीची केली होती आणि ती न पाळता केलेला संप बेकायदा, त्याला कैदेची शिक्षा. बाबासाहेबांनी सभागृहात मांडलेला मुद्दा वकिली होता, पण साध्या माणसाला समजेल असा. माणसाला त्याच्या मनाविरुद्ध काम करायला लावणं म्हणजे गुलामी. कामगार काम थांबवतो तेव्हा तो आपल्या श्रमाचा मालक आपण आहोत एवढंच सांगत असतो. त्यासाठी त्याला तुरुंगात टाकलं तर कायदाच त्याला गुलाम करतो.

७ नोव्हेंबर १९३८ ला या विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला. ज्या कम्युनिस्टांशी दहा वर्षांपूर्वी खटके उडाले होते त्यांच्या खांद्याला खांदा लावून बाबासाहेब उतरले. पोलिसांनी गोळीबार केला. विधेयक पासही झालं. पुन्हा हार. पण काम नाकारता येणं हीच गुलाम आणि मजूर यांच्यातली रेघ आहे, हा विचार पुढे संविधानापर्यंत गेला.

मजूरमंत्र्याची चार वर्षं

जुलै १९४२ ला ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद झाले. आजच्या भाषेत केंद्रीय मजूरमंत्री. सरकार, मालक आणि कामगार यांनी एका टेबलावर बसून बोलायची त्रिपक्षीय परिषद त्यांच्याच अध्यक्षतेखाली सुरू झाली. १९४६ च्या फॅक्टरी दुरुस्ती कायद्याने कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. खाणमजुरांच्या दवाखान्या-पाण्यासाठी, घरांसाठी कल्याण निधी उभा राहिला. नोकरी शोधणाऱ्यासाठी सेवायोजन कार्यालयं आली. एप्रिल १९४६ ला त्यांनी किमान वेतनाचं विधेयक मांडलं, ते १९४८ ला कायदा झालं.

या काळात एक अवघड प्रसंगही आला. युद्धात कोळसा कमी पडला म्हणून १९४३ ला सरकारने बायकांना जमिनीखाली खाणीत काम करण्यावरची बंदी उठवली. मजूरमंत्री म्हणून त्याचा बचाव बाबासाहेबांनाच करावा लागला. टीकाही भरपूर झाली. ही तात्पुरती सवलत आहे आणि बायकांना पुरुषांइतकाच दाम मिळेल, असं त्यांनी सभागृहात सांगितलं. धनबादकडच्या खाणींत स्वतः उतरून पाहणी केली. १९४६ ला बंदी पुन्हा लागू झाली. मोठ्या माणसाच्या चरित्रात असे प्रसंग वगळले जातात. आम्हाला ते वगळावेसे वाटत नाहीत. सत्तेत बसून मजुराची बाजू घेणं किती कठीण असतं, ते अशाच ठिकाणी कळतं.

संविधानातला बेगार

१९४६ ला संविधान सभेत जायला मुंबईतून मार्ग मिळाला नाही. जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या मदतीने बाबासाहेब बंगालमधून निवडून आले. फाळणीने ती जागा गेली, तेव्हा जुलै १९४७ ला मुंबईतून पुन्हा निवडले गेले. स्वतंत्र भारताचे ते पहिले कायदामंत्री. २९ ऑगस्ट १९४७ ला मसुदा समिती नेमली गेली आणि ते तिचे अध्यक्ष झाले. या समितीत आसामचे सय्यद मुहम्मद सादुल्लाही होते.

त्याआधी, मार्च १९४७ ला, बाबासाहेबांनी मूलभूत हक्कांच्या उपसमितीला एक निवेदन दिलं होतं. त्यात मोठे उद्योग आणि शेती राज्याच्या ताब्यात असावी इथपर्यंत त्यांची मागणी होती. ती मान्य झाली नाही. पण त्यामागचा तर्क आजही लागू आहे. ज्याच्या घरात चूल पेटत नाही त्याला हक्क आणि भाकरी यांतून एक निवडायला सांगितलं तर तो भाकरी निवडेल. आठ तासांचा कायदा असला तरी बारा तास करायला तो आपण होऊन तयार होईल. मग त्याला स्वतंत्र म्हणायचं का? सरकारने हात काढून घेतला म्हणजे माणूस मोकळा होतो असं नाही, तो मालकाच्या हाती सापडतो. हा त्यांचा मुद्दा होता.

कलम २३ एकट्या बाबासाहेबांनी लिहिलं असं म्हणणं बरोबर नाही. कन्हैयालाल मुन्शींच्या मसुद्यातही गुलामी आणि सक्तीच्या श्रमाला बंदी होती, उपसमितीत चर्चा झाल्या, मग ३ डिसेंबर १९४८ ला संविधान सभेत. पण वतन, खोती, संप यांच्या वीस वर्षांच्या झुंजीनंतर हे कलम ज्या समितीच्या मसुद्यातून सभेसमोर आलं तिचा अध्यक्ष आंबडव्याच्या महाराचा मुलगा होता, हे विसरता येत नाही.

कलम काय म्हणतं? माणसांचा व्यापार, बेगार आणि तशाच प्रकारचे सक्तीचे श्रम यांना मनाई. मोडेल त्याला कायद्याने शिक्षा. सार्वजनिक कामासाठी राज्य सेवा मागू शकतं, पण तिथेही धर्म, वंश, जात, वर्ग बघून कोणाला वेगळं काढायचं नाही. म्हणजे महाराच्या वतनाचं दार कायमचं बंद. लगेच पुढचं कलम २४ सांगतं, की १४ वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात, खाणीत किंवा धोक्याच्या कामावर ठेवता येणार नाही.

आता या लेखाचा मुख्य मुद्दा. आपले बहुतेक मूलभूत हक्क सरकारविरुद्ध आहेत. सरकारने भेदभाव करू नये, सरकारने बोलणं दाबू नये. पण अस्पृश्यतेचं कलम १७, आणि २३, २४ ही कलमं तिथे थांबत नाहीत. ती सामान्य माणसालाही बांधतात. शेतमालक, ठेकेदार, कारखानदार, घरात मोलकरीण ठेवणारं कुटुंब, सगळ्यांना. कारण बाबासाहेबांनी जी गुलामी पाहिली तिच्या पायात बेड्या नव्हत्या. ती रीत होती, कर्ज होतं, उपकार होता. ती गावाच्या चावडीवर आणि खोताच्या अंगणात नांदत होती.

त्यांच्यानंतर

२६ नोव्हेंबर १९४९ ला संविधान स्वीकारलं गेलं. आदल्या दिवशीच्या भाषणात बाबासाहेबांनी बजावलं होतं, की राजकारणात समता येईल पण समाजात आणि पैशाअडक्यात विषमता राहील, आणि ही विसंगती लवकर मिटवली नाही तर लोकशाहीच धोक्यात येईल. १९५१ ला हिंदू कोड बिलावरून त्यांनी मंत्रिपद सोडलं. १९५२ ची लोकसभा निवडणूक मुंबईतून हरले. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बौद्ध धम्म स्वीकारला आणि ६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत त्यांचं निधन झालं.

कलम कागदावर होतं, पण वेठबिगारी मोडायचा खास केंद्रीय कायदा १९७६ ला आला. त्या कायद्याने कर्जापोटी बांधलेल्या माणसाचं ते कर्जच रद्द होतं, आणि बांधून ठेवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सोडवणुकीची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यावर आहे.

मग १९८२ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. दिल्लीत आशियाई खेळांसाठी स्टेडियम आणि पूल बांधणाऱ्या मजुरांना ठेकेदार किमान वेतनापेक्षा कमी देत होते. न्या. पी. एन. भगवती यांनी निकाल दिला, की सक्ती म्हणजे फक्त काठी नव्हे. भुकेपोटी, दुसरा मार्ग नाही म्हणून माणूस किमान वेतनाहून कमी दामात काम करतो, तर तेही सक्तीचंच काम, आणि ते कलम २३ चा भंग. १९४७ च्या निवेदनातला भाकरी आणि हक्काचा तर्क ३५ वर्षांनी न्यायालयात मान्य झाला, असं आम्हाला तो निकाल वाचताना वाटलं.

आणि आपण?

बाबासाहेबांनी मुस्लिम समाजावरही कठोर लिहिलं आहे. त्यामुळे आपल्यातले काही जण त्यांची पुस्तकं अर्ध्यावर मिटतात. आम्हीही एकेकाळी मिटली होती. पण जो माणूस स्वतःच्या समाजाला, गिरणी कामगारांना, काँग्रेसला, इंग्रजांना सोडत नाही तो आपल्यालाच का सोडेल? मतभेद ठेवून वाचता येतं.

आखातात गेलेला भाऊ, मामा, जावई नाही असं कोकणातलं आपलं घर शोधावं लागेल. मालकाने पासपोर्ट काढून घेतला, सहा महिने पगार नाही, परत यायचं तर सोडत नाही, हे फोनवरचे रडके आवाज आपण ऐकलेत. पासपोर्ट ठेवून घेणं तिथल्या कायद्यालाही मान्य नाही, तरी घडतं. तेव्हा आपल्याला जुलूम लगेच ओळखू येतो. उचल घेऊन कर्नाटकात ऊस तोडायला गेलेल्या जोडप्याला मुकादम फिटेपर्यंत सोडत नाही, हेही आपण बातमीत वाचतो आणि हळहळतो.

पण आमच्या वर्गातला एक मुलगा दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुटीनंतर आलाच नाही. तेराव्या वर्षात होता. चौकशी केली तर कळलं, मोठ्या बहिणीच्या लग्नासाठी बापाने एका बेकरीवाल्याकडून पैसे उचलले होते आणि ते फिटेपर्यंत मुलगा पहाटे तीनपासून भट्टीवर. बेकरीवाले भले गृहस्थ, पाच वक्ताचे नमाजी, कोणाच्या मय्यतीला पहिले हजर. आम्ही भेटायला गेलो तर त्यांना खरंच नवल वाटलं. आपण अडलेल्याला पैसे दिले, पोराला काम शिकवतोय, दोन वेळ जेवू घालतोय, यात वाईट काय, असं त्यांचं म्हणणं. ते खोटं बोलत नव्हते. खोतालाही असंच वाटत असणार.

आम्ही त्यांना कायदा सांगितला. २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालचं मूल, घरच्यांना शाळेनंतर हातभार यासारखे मोजके अपवाद सोडले तर, कुठल्याच कामावर ठेवता येत नाही. आणि कर्ज फेडण्यासाठी मूल बांधून घेणं म्हणजे थेट वेठबिगारी. त्यांना हेही आठवण करून दिलं, की जकातीचे जे आठ खर्च आपण मुलांना पाठ करून घेतो त्यात मान सोडवणं, म्हणजे गुलामाला मोकळं करणं, हा एक आहे. ते बराच वेळ गप्प बसले. मुलगा जानेवारीत परत आला. आम्हाला मात्र आजही एक गोष्ट टोचते. तो आला नाही हे आमच्या लक्षात यायला तीन आठवडे लागले होते.

तेव्हा वाचकहो, ६ डिसेंबरला किंवा १४ एप्रिलला बाबासाहेबांबद्दल बोलताना एवढं करू या. आपल्या घरात कामाला येणाऱ्या बाईला सुटी आहे का, तिची मजुरी महिन्याच्या महिन्याला हातात पडते का, हे बघू या. मागावर, बेकरीत, जरीच्या कारखान्यात कोणाचं मूल बसलंय का, हे विचारू या आणि दिसलं तर १०९८ वर कळवू या. कोणाला कर्ज दिलं असेल तर त्याचे हातपाय गहाण ठेवून घेऊ नये. हे कलम लिहिणाऱ्यांनी सरकारइतकाच आपल्यालाही त्यात धरलं आहे.

यंदा नववीच्या फळ्यावर कलम २३ लिहिताना आम्ही अर्थ सांगून थांबलो नाही. मुलांना घरी जाऊन विचारायला सांगितलं, की आपल्याकडे कोण कोण काम करतं आणि त्यांना किती मिळतं. दुसऱ्या दिवशी तीन पालक शाळेत आले, थोडे नाराज होऊन. आम्ही त्यांना बसवून चहा दिला आणि मुलांच्या पुस्तकातलं ते पान उघडून समोर ठेवलं.